अकोंकाग्वाला पहिल्यांदा जाताय? आधी दिवस मोजा

अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतातलं अकोंकाग्वा ६,९६१ मीटर उंच आहे. आशिया सोडली तर जगात याच्याहून उंच शिखर नाही. नेहमीच्या वाटेने, म्हणजे ओर्कोनेस खोऱ्यातून वर चढणाऱ्या ‘नॉर्मल रूट’ने गेलं, तर दोर लावून कातळ चढायची वेळ सहसा येत नाही. हे खरं आहे, आणि नेमकी इथेच गफलत होते. ‘चालतच तर जायचंय’ म्हणून लोक जेमतेम पंधरा दिवसांची रजा काढतात. त्यातले चार दिवस विमानात जातात, आणि वर पोचल्यावर वारा पडायची वाट बघायला हाताशी एकही दिवस उरत नाही.

म्हणून आधीच सांगतो: कपड्यांत काटकसर करा, बूट भाड्याने घ्या, हॉटेल साधं बघा, पण दिवसांत काटकसर करू नका. घरापासून घरापर्यंत बावीस ते चोवीस दिवस धरा. त्यातले तीन-चार दिवस निव्वळ हवामानासाठी राखीव. एवढी रजा यंदा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा.

१८९७ साली हे शिखर पहिल्यांदा सर झालं, तेव्हा मोहिमेचा नेता होता एडवर्ड फिट्झजेराल्ड. पैसा त्याचा, आखणी त्याची, पण उंचीच्या त्रासामुळे पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही तो माथ्यावर पोचला नाही. त्याचा स्विस वाटाड्या मथायस झुर्ब्रिगेन १४ जानेवारीला एकटाच वर गेला. इथे माणसाला अडवतात ते उंची आणि वारा. कातळ नाही.

निघण्याआधी काय केलेलं असावं

सह्याद्री पाय तयार करतो. पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन आठवड्यातून दोनदा सिंहगड, महिन्यातून एकदा कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, असं सहा-आठ महिने केलं तर दम आणि गुडघे दोन्ही तयार होतात. घसाऱ्यावरून उतरायची सवय मुद्दाम करा. अलंग-मदन-कुलंगच्या बाजूला ज्यांनी सुट्या मुरमावर पाय रोवायला शिकून घेतलंय, त्यांना अकोंकाग्वाच्या शेवटच्या टप्प्यात त्याचा थेट उपयोग होतो.

पण कळसूबाई १,६४६ मीटर. आपलं शरीर साडेपाच-सहा हजार मीटरवर कसं वागतं, हे तिथे कळत नाही. त्यासाठी हिमालयच गाठावा लागतो. माझ्या मते क्रम असा असावा: आधी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये, मनालीला किंवा दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, तिथे क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) घालून चालणं आणि बर्फावर घसरल्यावर आइस ॲक्सने स्वतःला थांबवणं हाडात भिनतं. मग सहा हजार मीटरच्या आसपासचं एक शिखर, लाहौलमधलं युनाम किंवा लडाखमधलं कांग यात्से-२. त्या शिखरावर डोकं किती दुखलं, भूक गेली का, झोप लागली का, हे लिहून ठेवा. अकोंकाग्वावर डॉक्टर हेच विचारतात. तुमच्याकडे खरं उत्तर असेल तर त्यांनाही निर्णय घेणं सोपं जातं.

मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलमध्ये शिकणाऱ्या काम्या कार्तिकेयनने १ फेब्रुवारी २०२० ला, वयाच्या बाराव्या वर्षी हे शिखर गाठलं. ती बातमी वाचून अनेकांना वाटलं की जमेल आपल्यालाही. जमेलही, पण लहानपणापासून हिमालयात केलेली तिची पायपीट त्या बातमीच्या मथळ्यात नव्हती.

कागदपत्रं

व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जेंटिनाच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडूनच खात्री करून घ्या. पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. दक्षिण अमेरिकेतून किंवा आदिस अबाबामार्गे परतताना भारतातल्या विमानतळावर त्या लसीचा दाखला मागतात, आणि तो नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा हे काम दोन महिने आधी उरका.

शिखराचा परवाना अकोंकाग्वा प्रांतीय उद्यानाकडून घ्यावा लागतो. तो उद्यानात शिरल्यापासून वीस दिवस चालतो. शुल्क हंगामानुसार आणि स्थानिक कंपनीची सेवा घेतली आहे की नाही त्यानुसार बदलतं. दरवर्षी नवे दर आणि नवे नियम येतात, म्हणून ओळखीच्या कुणी तीन वर्षांपूर्वी दिलेल्या आकड्यावर हिशेब मांडू नका. विमा घेताना पॉलिसीत ‘७,००० मीटरपर्यंत गिर्यारोहण’ आणि ‘हेलिकॉप्टरने सुटका’ या दोन्ही गोष्टी लेखी आहेत का ते वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात त्या नसतात.

हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हे सगळ्यात भरवशाचे, आणि गर्दीही तेव्हाच. जानेवारीच्या अखेरीस सुरुवात केली तर तंबूला जागा शोधत फिरावं लागत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मेंदोसातल्या एखाद्या जुन्या कंपनीबरोबर, गाइड घेऊन जावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या गाठीशी सहा हजार मीटरची दोन-तीन शिखरं आहेत आणि ज्यांचा एकमेकांवर भरवसा आहे, अशा तिघा-चौघांनी फक्त खेचरं आणि बेस कॅम्पवरचं जेवण एवढीच सेवा घेतली तरी चालतं. एकट्याने जाऊ नये.

सामान आणि शिधा

बुटांची निवड सगळ्यात महत्त्वाची. आतला बूट वेगळा निघणारे, सात हजार मीटरला चालतील असे डबल बूटच हवेत; साध्या ट्रेकिंग बुटांवर शिखराच्या दिवशी बोटं जाऊ शकतात. ते मेंदोसात भाड्याने मिळतात. दोन मोजे घालून बघा आणि उतारावर चालल्यासारखं पाय पुढे ढकलून पाहा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या. जाड डाउन (पिसांचं) जॅकेट, मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे), उणे २५ ते ३० अंशांची स्लीपिंग बॅग, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स, हेल्मेट, गॉगल, दोन ट्रेकिंग पोल हे सगळं तिथे मिळतं. घरून न्यायचं ते अंगाला बसलेलं: आतले कपडे, हातमोजांचे दोन जोड, आणि नाकातोंडावर ओढायला दोन बफ. खोऱ्यातली धूळ आणि वरची कोरडी हवा यांनी घसा सोलवटतो, आणि खोकला एकदा जडला की शेवटपर्यंत सुटत नाही.

शाकाहारी मंडळींनी कंपनीला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. बेस कॅम्पपर्यंत पास्ता, भाज्या, अंडी, सूप, चीज यांवर छान भागतं. वरच्या कॅम्पचं खाणं मात्र आपलं आपण ठरवलेलं बरं. प्लाझा दे मुलासवर, म्हणजे बेस कॅम्पवर, पाणी साधारण ८५-८६ अंशांनाच उकळतं, त्याच्या वर त्याहून कमी. कुकरशिवाय डाळ-तांदूळ शिजत नाहीत, गॅस मात्र संपतो. गरम पाणी ओतून दहा मिनिटांत फुगेल असंच न्या: दडपे न करता नुसते मसाला लावलेले पातळ पोहे, पाकीटबंद उपमा, इन्स्टंट सूप. साडेपाच हजार मीटरच्या वर गोड नकोसं होतं, तेव्हा चॉकलेटांच्या जोडीला खारे दाणे आणि चिवडाही ठेवा. ताजी फळं, बिया, घरचं तूप असलं काही नेऊ नका. अर्जेंटिनात कस्टमला ते काढून घेतात, आणि मेंदोसा प्रांताच्या हद्दीवर फळांची पुन्हा तपासणी होते.

ब्यूनोस आयर्समध्ये विमानतळ दोन आहेत. परदेशातून येणारी विमानं बहुतेक एसेइसाला उतरतात आणि मेंदोसाची बरीचशी देशांतर्गत विमानं आयेरोपार्केवरून सुटतात. दोन्हींमध्ये शहर आहे. मधे पाच-सहा तास तरी ठेवा.

ओर्कोनेस ते प्लाझा दे मुलास

मेंदोसाहून उस्पायातामार्गे पेनितेन्तेस किंवा पुएन्ते देल इंका, साधारण १८० किलोमीटर. रात्र इथे काढायची, कारण ही २,६००-२,७०० मीटरची पहिली पायरी आहे. पुएन्ते देल इंकाला खनिजांनी पिवळाधमक झालेला नैसर्गिक दगडी पूल आहे, आणि रस्त्यालगत गिर्यारोहकांची दफनभूमी. तासभर काढून ती पाहून या.

सामान खेचरांवर जातं. एका खेचरावर साठ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना तीस-तीस. खेचरवाले, तिथले ‘आरिएरो’, प्रत्येक बॅग काट्याला लटकवतात आणि दोन बाजूंचं वजन जुळेपर्यंत बॅगा अदलाबदल करतात. मग खेचराच्या डोळ्यांवर कापड टाकून त्याला शांत करतात, दोघं दोन बाजूंनी ओझं चढवतात, आणि पाय पोटाला रेटून दोर करकचून आवळतात. तो आवळलेला दोर एकदा पाहिलात की डफल बॅगेत काय भरायचं नाही ते आपोआप कळतं: गॉगल, स्टोव्ह, औषधं, कॅमेरा, काहीच नाही. ते पाठीवरच्या सॅकमध्ये. शिवाय खेचरं थेट प्लाझा दे मुलासला जातात. वाटेतल्या कोन्फ्लुएन्सिया या पहिल्या मुक्कामाच्या दोन रात्रींचं सामान वेगळं बांधून त्यावर चिठ्ठी लावा.

ओर्कोनेसला उद्यानाच्या फाटकावर परवाना दाखवला की कचऱ्याची क्रमांक घातलेली पिशवी मिळते. ती परत केली नाही तर दंड होतो. बेस कॅम्पच्या वर शौचासाठीही पिशव्या देतात, आणि तो ऐवज आपणच खाली आणायचा असतो. नियम कडक आहे आणि असायलाच हवा. वर वितळवून प्यायचा बर्फ त्याच उतारावरचा असतो.

पहिला दिवस कोन्फ्लुएन्सियापर्यंत, ३,३९० मीटर, तीन-चार तासांची सोपी चाल. दुसऱ्या दिवशी सामान न घेता प्लाझा फ्रान्सियाच्या दिशेने चार हजार मीटरपर्यंत जाऊन परत यायचं. समोर अकोंकाग्वाची दक्षिण भिंत उभी असते, अडीच हजार मीटरहून अधिक उंचीची, बर्फाने लगडलेली. हा दिवस गाळून वेळ वाचवायचा मोह अनेकांना होतो. गाळू नका. पुढच्या मुक्कामाची उंची शरीराने आज ओळखून घ्यायची असते.

कोन्फ्लुएन्सियात आणि प्लाझा दे मुलासला डॉक्टरची तपासणी सक्तीची आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावतात, रक्तदाब मोजतात, छाती ऐकतात, आणि समाधान झालं तरच परवान्यावर पुढची परवानगी मिळते. रक्तदाब वाढलेला दिसला की थांबवून ठेवतात, आणि आपल्या लोकांचं यात हमखास अडतं. घरून आणलेलं लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या तपासणी होईपर्यंत पिशवीतच राहू द्या. पाणी दिवसाला चार लिटर प्या. तपासणीला धापा टाकत न जाता अर्धा तास बसून मग जा. आणि डोकं दुखत असेल तर दुखतंय म्हणा. लपवलेली डोकेदुखी दोन दिवसांनी तंबूत, रात्री, डॉक्टर नसताना वर येते.

कोन्फ्लुएन्सिया ते प्लाझा दे मुलास हा सगळ्यात कंटाळवाणा आणि लांब दिवस, सात ते नऊ तासांचा. प्लाया आंचा नावाचं रुंद, दगडगोट्यांचं पात्र संपता संपत नाही, दुपारनंतर समोरून वारा धूळ मारतो, आणि अगदी शेवटी, पाय संपल्यावर, कुएस्ता ब्रावाचा उभा चढ येतो. लवकर निघा.

वरचे कॅम्प: चढा, उतरा, झोपा

प्लाझा दे मुलास (४,३०० मीटर) हे तंबूंचं एक गावच आहे. इथे पोचल्यावर दुसरा दिवस पूर्ण विश्रांती. त्यानंतर एकदा पाच हजारांच्या सेर्रो बोनेतेवर जाऊन यावं. बूट-क्रॅम्पॉनची तालीमही होते आणि समोर अकोंकाग्वाची सगळी वाट नकाशासारखी दिसते.

पुढचा नियम साधा आहे: ओझं घेऊन वर जायचं, ठेवायचं, खाली येऊन झोपायचं, मग मुक्काम हलवायचा. झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरच्या आसपासच वाढवावी. कॅम्प कानडा सुमारे ५,००० मीटर, निदो दे कोंदोरेस ५,५६० च्या सुमारास, आणि शेवटचा कोलेरा ६,००० च्या जरा खाली. निदोला एक जादा रात्र काढणं मला कोलेराला दोन रात्री काढण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं वाटतं. सहा हजारांवर शरीर सावरत नाही, नुसतं झिजतं. पोर्टर मिळतात, पैसे असतील तर तंबूचं ओझं त्यांना देण्यात काहीही कमीपणा नाही.

निदो उघड्या खांद्यावर आहे. तंबू उभारताना दगडी भिंतीची आयती जागा शोधा. नुसत्या खुंट्या तिथे टिकत नाहीत; प्रत्येक दोर मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. संध्याकाळी वारा नाही म्हणून दोर सैल ठेवले तर रात्री दोनला बाहेर पडून ते काम करावं लागतं.

त्रास कुठवर सोसायचा? नुसती डोकेदुखी, थोडी मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबा, वर जाऊ नका. टाच-अंगठा जुळवून सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नसेल, बोलणं अडखळत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर लगेच, रात्र असली तरी, खाली. मेंदूला किंवा फुप्फुसाला आलेली सूज झोपून उतरत नाही, माणूस खाली नेल्यावरच उतरते. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्ससारख्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

वाऱ्याचा अंदाज आणि शिखराचा दिवस

माथ्यावर भिंगाच्या आकाराचा पांढरा ढग बसला, तर वर वादळी वारा सुटलेला असतो, खाली कितीही ऊन असो. ‘व्हिएन्तो ब्लांको’, म्हणजे बर्फ उधळत येणारं वादळ, इथे अनेकांचे जीव घेऊन गेलंय. प्लाझा दे मुलासला वनरक्षकांकडे आणि कंपन्यांकडे उंचीनिहाय अंदाज मिळतो. त्यात पावसा-बर्फापेक्षा सात हजार मीटरवरच्या वाऱ्याचा वेग आधी बघा. ताशी ४० किलोमीटरच्या आत असेल तर निघा. त्याहून बराच जास्त असेल तर राखीव दिवस वापरा. ते याचसाठी आणलेत.

कोलेराहून पहाटे चार-पाचला निघायचं. त्याआधी दोन तास उठावं लागतं, कारण बर्फ वितळवून पाणी करायला वेळ जातो. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत ठेवा, नळीची पिशवी नेऊ नका, नळी गोठते. वाट डोंगराच्या पश्चिम अंगाने असल्यामुळे सूर्य उगवला तरी बराच वेळ तुम्ही सावलीतच चालता. बोटं गारठतात ती याच दोन-तीन तासांत. पायाची बोटं बुटात सतत हलवत राहा. ती जाणवेनाशी झाली आणि थांबून ऊब देऊनही जाणीव परत येत नसेल, तर दिवस तिथेच संपला असं समजून परत फिरा.

६,३८० मीटरच्या सुमारास इंदिपेंदेन्सियाची मोडकी लाकडी खोपटी लागते. क्रॅम्पॉन बहुतेक इथेच चढवतात. खोपटीच्या वरच्या खिंडीत वारा थेट अंगावर येतो. जॅकेट खिंडीच्या अलीकडेच घाला. मग ग्रान आकारेओच्या उतारावरची लांबलचक आडवी वाट. ही चढ नसल्यासारखी दिसते आणि सगळ्यात जास्त दम काढते. ती ला कुएवा या कातळाच्या आडोशाला, ६,६५० मीटरच्या आसपास संपते. इथे बसा, खा, प्या, आणि घड्याळ बघा.

पुढे कानालेता. सुमारे तीनशे मीटरचा उभा घसारा, बर्फ कमी असेल तर एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटतात, हेल्मेट इथेच कामाला येतं. दोन श्वासाला एक पाऊल, हाच वेग. शेवटची गुआनाको कड गाठली की पलीकडे दक्षिण भिंतीची दरी उघडते आणि थोड्याच वेळात माथ्यावरचा छोटा क्रूस दिसतो.

परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि सगळ्यांनी ती मोठ्याने एकमेकांना सांगा. दुपारी दोन ही माझ्या मते शेवटची वेळ. जानेवारीत इथे उजेड रात्री साडेआठच्या पुढेही असतो, त्यामुळे ‘अजून बराच वेळ आहे’ असं मन सांगत राहतं. पण दुपारनंतर ढग भरतात, आणि पायातलं बळ त्याच्याही आधी संपलेलं असतं. कानालेतात दोन वाजले आणि क्रूस नजरेसमोर असला, तरी फिरा.

उतरताना ग्रान आकारेओच्या घसाऱ्यावरून सरळ खाली घसरत जाणं जवळचं वाटतं. थकलेल्या अवस्थेत, धुक्यात, तिथे कॅम्प चुकतो. आलेल्या वाटेनेच कोलेराला या, पाणी करून प्या, काहीतरी खाऊन झोपा. दुसऱ्या दिवशी प्लाझा दे मुलास, तिसऱ्या दिवशी ओर्कोनेस.

फाटकावर नोंद पुसून घ्या, नाहीतर तुम्ही अजून वरच आहात असं उद्यानाच्या दप्तरी राहतं. पिशवी परत करा. बूट-जॅकेट परत करायला मेंदोसात एक दिवस लागतो. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढलेलं असू द्या. राखीव दिवस वापरावे लागले नाहीत, तर ते मेंदोसात किंवा ब्यूनोस आयर्समध्ये आरामात घालवता येतील.